तिसऱ्या हाकेला ओ

पहिल्या हाकेला ती कधीच ओ देत नसे. समोरच्या बाकावर बसलेली असायची, कान शाबूत, नजर माझ्यावर. मी काउंटरवरून तिचं नाव पुकारलं की मख्ख. दुसऱ्यांदा पुकारलं की पदर सारखा करायची. तिसऱ्यांदा मी वैतागून ओरडले की मग उठायची आणि "आले गो, आले," म्हणत यायची, जशी काही घाई मलाच होती.

शहापूरच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये तुम्ही कधी सकाळी उपाशीपोटी बसला असाल, तर तिथली माणसं कशी चिडकी असतात ते तुम्हाला ठाऊक असेल. सुई टोचणारी मी, म्हणजे चिडकेपणात त्यांच्याहून एक पाऊल पुढे. एकदा मी तिला विचारलंच, "मावशी, कानाला कमी ऐकू येतं का?"

"कानाला काय झालंय? पण पहिली हाक कुणाची असंल काय सांगावं? गेलेल्यांना तिसरी हाक मारायची मुभा नसते, बाय. तिसरी मारतो तो माणूस."

"अहो, इथे भर सकाळी, ट्यूबलाइटखाली कोण येणार?"

"त्यांना उजेडाचं काय," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

मावशी म्हणायची ती माझी सवय. वयानं ती माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, पन्नाशी नुकतीच ओलांडलेली. बारीक अंगाची, काळीसावळी, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. मुरबाड तालुक्यातली, म्हशाच्या अलीकडच्या एका गावातली. मुरबाडला लॅब काय थोड्या आहेत? पण तिथे तिला कुत्रंसुद्धा ओळखायचं, म्हणून ती नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून शहापूरला यायची. नवरा आत यायचा नाही. बाहेरच्या पायरीवर तिची पिशवी मांडीवर घेऊन बसायचा. मी दोनदा त्याला पाण्याचं विचारलं, त्यानं दोनदा मान हलवली. मुका असावा असंच मी धरून चालले होते.

ती धवलारीण होती. आमच्याकडच्या लग्नात भटजी येतो, मंत्र म्हणतो, दक्षिणा घेऊन जातो. पण त्याआधी हळदीला धवले म्हणावे लागतात आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही, मांडव सजत नाही. आता हळदीला बेंजो असतो, डीजे असतो, पोरं अंग मोडून नाचतात. ही मांडवात आली की आधी डीजेवाल्याकडे बोट करायची. "बंद कर रे तो डबा. माणसं यायचीत." आणि तो बंद करायचा. मांडवात तर माणसं केव्हाचीच आलेली असत. ती म्हणायची ती माणसं वेगळी. घरातले गेलेले सगळे, आजे-पणजे, अर्ध्यावर गेलेली पोरं, बाळंतपणात गेलेल्या सुना, यांना हळदीला बोलवायचं ते काम तिचं. एकेकाचं नाव तीन वेळा घ्यायची, उंच आवाजात, आणि मग थांबून त्या माणसाच्या वतीनं स्वतःच ओ द्यायची.

पहिल्यांदा ती आली तेव्हा तिच्या चिठ्ठीवर टेस्टोस्टेरॉन लिहिलेलं होतं. ही तपासणी आम्ही करतो ती बहुतेक मूल होत नसलेल्या पुरुषांची, नाहीतर पाळी चुकणाऱ्या मुलींची. पन्नाशीच्या बाईची मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हे कशाचं गो?" तिनं विचारलं.

"हार्मोन. पुरुषांत जास्त असतं."

"नि बायांत?"

"बायांतही असतं की. थोडं."

"मंग माझं गेलं कुठं?" असं म्हणून ती हसली. मी रबर बांधलं, शीर शोधली. ती सुईकडे पाहत म्हणाली, "ओढ गेली बघ."

मला वाटलं जेवणावरची. तशी नव्हे. पाळी गेल्याला तिला दोन वर्षं झाली होती. "नदीत उभं राहिलं का पायाखालची वाळू सरकते नाय, ती ओढ. मालक शेजारी निजतात ते मांडवाची मेढ पुरल्यासारखे. त्यांचा काय दोष नाय, मीच थंड. ते एक जाऊदे. पण मांडवात हाक मारते ना, तवा पोटातून असंच ओढ लागायची नि ओ माझ्या तोंडातून निघायची. मी देत नव्हते, कुणीतरी देत व्हतं. आता ओ मीच देते. रिकामी. लोकांना कळत नाय, मला कळतं."

सांगायला हरकत नाही, मी त्या वेळी तिचं ऐकत होते आणि माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. पंखा माझ्याच डोक्यावर, बाकावरच्या बायका शालीत गुंडाळलेल्या. माझीही पाळी अडखळायला लागली होती. तेव्हा ओढ-बीढ काय असते हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. फक्त असं तोंडानं बोलणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली.

आमच्या लॅबला लागून डॉक्टरांची खोली आहे, मध्ये प्लायवूडची भिंत. कल्याणहून आठवड्यातून एकदा बायकांच्या डॉक्टर येतात. मला कान लावायची सवय नाही, पण प्लायवूडलाही ते सांगायला हवं. डॉक्टर बाई तिला समजावत होत्या. या वयात झोप, घाम, मन, अंग सगळ्याचंच गणित बदलतं. इच्छा जाते त्याची बाकीची कारणं पाहून झाली, आता हे जेल लावून बघू. बायकांसाठी वेगळं इथे मिळत नाही. पुरुषांसाठी बनलेलं पाकीट असतं, त्यातलं वाटाण्याएवढं रोज मांडीला लावायचं. पुरुषाला एक दिवस पुरतं ते तुम्हाला आठवडाभर पुरेल. लावल्यावर हात धुवायचे, तिथलं अंग नातवंडांना लागू द्यायचं नाही. मग काही आठवड्यांनी पुन्हा रक्त, कारण प्रमाण वर गेलं तर केस येतात, आवाज उतरतो. रक्त द्यायला येताना त्या सकाळचं लावायचं नाही, रक्त दिल्यावर लावायचं.

"म्हंजे पुरुषाचं उरलेलं मला," मावशीचा आवाज आला. तो तेव्हा काचेच्या बांगडीसारखा बारीक आणि किणकिणता होता. "उष्टी हळद म्हना की, डॉक्टरीणबाय!"

डॉक्टर बाई खळखळून हसल्या. मीही इकडे हसले. नवऱ्या मुलाला लावून उरलेली हळद नवरीकडे जाते, ती तिच्या अंगाला लागते. एका धवलारणीला याहून चांगलं कसं समजावं? आम्हा सगळ्यांना वाटलं, बाई हुशार, बरोबर समजली.

पुढच्या खेपेला ती आली तीच हसत. हिवाळा संपत आला होता. आत येताच माझ्या कानाशी लागली. "म्हशाच्या जत्रेत गेलतो. मालकांनी मला पाळण्यात बसवली. ह्या वयात! मी घाबरून त्यांचा हात धरला, तो खाली उतरल्यावर बी सोडला नाय." घोंगडी घ्यायला गेलेली दोघं दोन घोंगड्या न घेता एकच घेऊन परत आली होती. इतकं सांगून ती लाजली. हनुवटीवर तिला दोन जाड केस आले होते. ते दाखवून म्हणाली, "गवत उगवायला लागलंय. पाऊस चांगला झाला ना."

रक्त घेतलं. प्रमाण खालच्याच अंगाला आलं, औषध लावायच्या आधी होतं जवळजवळ तेवढंच. दोन केस म्हणजे फार काही नव्हे, गुण तर येतोय, चालू ठेवा, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. ते ऐकून मला बरं वाटलं.

मग एप्रिलमध्ये लॅबचा फोन वाजला. पलीकडे कुणी पुरुष होता. "माझी वही तिथं राहिली का गो, धवल्यांची?"

"कोण बोलतंय?"

"मी." आणि मग नाव सांगितलं. तिचं नाव.

मी फोन कानापासून दूर धरून पाहिला. आवाज खोल होता, विहिरीत घागर आपटावी तसा, आणि बोलण्याची ढब मात्र तिचीच, तोच गो, तोच हेल. सर्दी झालीय का, असं मी विचारलं. "सर्दी कसली," ती म्हणाली आणि पुन्हा वहीचंच विचारलं.

त्याच महिन्यात सापगावला माझ्या पुतण्याची हळद होती आणि तिला मीच सांगून ठेवली होती. ती आली. डीजेवाल्याला डबा बंद करायला लावला. दिवस मावळत होता, मांडवात आंब्याच्या डहाळ्यांचा वास होता आणि बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. तिनं देवांना बोलावलं. उंच सूर लागेना. लावायला जायची आणि आवाज फाटायचा, वयात येणाऱ्या मुलाचा फाटतो तसा. दोन पोरी फिसकन हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं सूर सोडला आणि खालच्या पट्टीत आमच्या घराच्या माणसांना हाका मारायला लागली.

माझ्या सासऱ्यांचं नाव आलं. तीन वेळा घेतलं. मग ती थांबली. मांडवात कोणी हललं नाही. आणि तिच्या तोंडून ओ आली, "आलो, आलो," अशी सावकाश, छातीतून, जड.

माझ्या सासूबाई माझ्या शेजारी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांना अलीकडे माणसं ओळखू येत नाहीत. त्यांनी हात वर नेला आणि डोक्यावर पदर घेतला. सासरे गेल्यापासून त्यांनी डोक्यावर पदर घेतलेला मी पाहिला नव्हता. घेतला आणि मांडवाच्या दाराकडे बघत राहिल्या. मी तुम्हाला खोटं कशाला सांगू, मीही तिकडे पाहिलं. दारात एक कुत्रं बसलं होतं, ते उठून बाजूला झालं.

त्या दिवसानंतर बोलणं पसरलं. किन्हवलीकडच्या एका घरानं तिची सुपारी परत नेली. आमची पोर लहान आहे, घाबरेल, असं सांगितलं. दुसरीकडून एक विधवा बाई लग्न नसताना नुसती नवऱ्याला हाक मारायला लाव म्हणून तिच्या दाराशी येऊन बसली. "मी काय भुतं बोलवणारा भगत हाय?" असं म्हणत तिनं तिला चहा पाजून घालवली. पण तिची नातवंडं तिच्याजवळ निजायला तयार होईनात. ती अंगाई म्हणायला लागली की रडायची.

मे महिन्यात ती लॅबमध्ये आली ती रांग सोडून थेट माझ्याकडे. चेहरा उतरलेला.

"बाय, एक विचारू? रक्तात दिसतं का, आत कोण हाय ते?"

"म्हणजे?"

"आधी ओ रिकामी जायची म्हून रडत व्हते. आता भरून येते. पण मी हाक मारते त्या माणसाची, नि ओ येते ती दरवेळी एकाच आवाजात. म्हातारा असो, बाई असो, पोर असो, आवाज तोच. मंग सगळ्यांच्या आधी येऊन बसतो तो कोण? आता मांडवात बी थांबत नाय तो. घरी चूल पेटवताना माझ्याच तोंडून बोलतो."

"औषधानं आवाज उतरतो, डॉक्टर म्हणाल्या होत्या ना."

"म्हून तर आले. बघ. औषध असंल तर रक्तात असंल. नसंल तर…" पुढचं ती बोलली नाही. "माझा गळा गेला तर माझं काय ऱ्हायलं, बाय? माझ्या आयेनं दिलेला हाय. सुनेला अजून अर्धे धवले बी येत नायत."

मी रक्त घेतलं. शीर पहिल्या वेळी चुकली आणि मला माझाच राग आला. इतकी वर्षं सुया टोचतेय मी. संध्याकाळी प्रमाण आलं. खालच्याच अंगाला. मशीन तपासून घेतलं आणि तोच नमुना पुन्हा लावला. तेच. बाईच्या अंगात, तिच्या वयाला, असावं तेवढंही जेमतेम. म्हणजे औषध नव्हतं. डॉक्टर बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, घशाच्या डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठी लिहिली. माणूस विज्ञान शिकतो, पांढरा कोट घालतो, पण त्या संध्याकाळी लॅबचं शटर ओढताना मागून कोणी माझं नाव घेतल्यासारखं वाटलं आणि मी वळले नाही. तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. आली नाही.

घशाच्या डॉक्टरांची तारीख दूरची मिळाली. त्याआधीच एका सकाळी ती आली. रक्ताचं काम नव्हतं. हातात एक कापडी पिशवी होती, ती माझ्यापुढे धरली. "ही कुठं सोडायची सांग. हळदीचं असतं तर नदीत सोडली असती, पण ही पलाष्टिकची हायत."

पिशवीत जेलची रिकामी पाकिटं होती. गच्च. मी हात घालून वर-खाली केली. प्रत्येक पाकीट कडेपर्यंत पिळून कोरडं.

"मावशी, ही कधीपासूनची?"

"गेल्या महिन्यातली."

"एका महिन्यातली? एक पाकीट किती दिवस लावता?"

"दिवस कसले? रोज एक."

"वाटाण्याएवढं सांगितलं होतं ना!"

"वाटाण्याएवढंच लावलं की पहिल्या दिवशी. मंग पाहिलं तर पाकीट तसंच भरलेलं. उष्टी हळद शिळी ठेवतात का गो? ती त्याच दिवशी अंगाला संपवायची असते. ठेवली तर संसाराला बाधते. मी किती नवऱ्यांना लावली, मला शिकवू नको." मग तिनं दाखवलं, हळद लावतात तशी, पाय, गुडघे, मांड्या, खांदे. "कपाळाला नाय लावली. तोंडाला लावू नका म्हनल्या व्हत्या."

मला बसायला खुर्ची सापडेना. दुकानदार पाकिटं कशी देत गेला हा प्रश्न नंतरचा. डोक्यात भलताच आकडा फिरत होता. "पण रक्तात का नाही येत मग? रोज एवढं लावता तर?"

"रक्ताला येते तवा लावलेलं नसतं."

"त्या सकाळचं नाही लावायचं, बरोबर. पण आदल्या दिवशीचं?"

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की मीच अडाणी. "तुमीच सांगता ना, उपाशी या म्हून? पोटाचा उपास एका रातीचा. अंगाचा एका रातीत कसा व्हईल? मी आठवडा-आठवडा धरते. गरम पाण्यानं न्हाते रोज. रक्त द्यायचं तर अंग कोरं नको?"

आठवडाभर लावायचं नाही, अंग धुऊन काढायचं, मग रक्त द्यायचं. प्रमाण खाली येणार नाही तर काय होणार? आणि रिपोर्ट हातात पडला की दुसऱ्या दिवसापासून पुन्हा रोज एक पाकीट, पुरुषाचं. आम्ही ज्या दिवसांचं रक्त पाहत होतो त्या दिवसांत औषध नव्हतं आणि ज्या दिवसांत आवाज उतरत होता त्या दिवसांचं रक्त कोणी पाहिलंच नव्हतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. काउंटरमागे मी दोन्ही केलं.

त्या सकाळचं तिनं अजून लावलं नव्हतं, आदल्या दिवशीचं होतं. कोपराला कधी लावत नाही ना, हे विचारून, तिथली कातडी साबणानं धुवून, मी लगेच रक्त घेतलं. प्रमाण आलं ते एखाद्या धडधाकट तरण्या पुरुषाचं.

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. तिचा हात हातात घेऊन त्यांनी सांगितलं, आता सगळं बंद. अंग खाली येईल, केस विरळ होतील. आवाज मात्र उतरला तो पूर्वीसारखा वर जाईलच असं सांगता येत नाही. बहुतेक नाही जाणार.

मावशी बाहेर आली, माझ्यासमोर बसली.

"म्हंजे मेलेलं कोणी नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"बरं झालं." मग पदरानं डोळे टिपले. "गळा गेला गो माझा."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार? बायकांना या वयात सांगितलं जातं की आता देवाचं नाव घ्या. हिनं तसं केलं नाही, हक्कानं स्वतःची ओढ परत मागायला गेली आणि तिच्या बदल्यात गळा देऊन बसली. मला तिचा अभिमान वाटत होता आणि जीव तुटत होता.

"आता भीती नाही ना वाटत?" मी विचारलं. "तो आवाज तुमचाच आहे."

ती जरा हसली. पाणावलेल्या डोळ्यांनी हसलेली माणसं मला फार आवडतात. "माझा नाय. कुणाचा ते मला कालच कळलं. पलीकडल्या खोलीतून हा आवाज ऐकून सून फसली ना, पदर सारखा करत आली, तवा."

"कुणाचा?"

"त्याचं नाव घेता येत नाय मला," ती म्हणाली, पिशवी उचलली आणि गेली. आत्ताच भुतं घालवली म्हणावं तर ही नवीन ठेवून गेली. ज्याचं नाव घेता येत नाही असा कोण? मी बरेच दिवस त्याचा विचार करत होते.

पुढे अंग पूर्वपदावर आल्यावर डॉक्टर बाईंनी विचारून-सवरून पुन्हा जेल दिलं, या वेळी पिचकारीत मोजून. उरलं तर ते उष्टं नसतं, हे तिच्याकडून वदवून घेतलं. रक्ताचा दिवसही नीट समजावला. मी काउंटरवर पाटी लावली, 'उपाशी म्हणजे अन्नानं. औषधाचं आधी विचारा.' ती वाचून लोक अजून हसतात. लग्नात तिनं वेगळीच वाट काढली. सुनेला शेजारी बसवायची. उंच धवले सुनेनं म्हणायचे, हाकाही सुनेनं मारायच्या आणि ओ देऊ लागली ही. लोकांना आधी विचित्र वाटलं, मग तेच आवडायला लागलं. हाक बाईची, ओ त्या खोल आवाजात. मी विचारलं तर म्हणायची, "ओढ लागते गो. रिकामी जात नाय."

गेल्या पावसाळ्यात ती गेली. औषधानं नाही, कशानं नाही. भाताच्या आवणीचे दिवस होते, दमून जमिनीवर निजली होती, मण्यार चावली. दवाखान्यापर्यंत पोहोचलीच नाही. मला चार दिवसांनी कळलं. त्या आठवड्यात एक बाई पहिल्या हाकेलाच उठून आली तर मी तिच्यावर उगाच खेकसले.

वर्ष व्हायच्या आत घरात कार्य करावं म्हणतात. तिच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं आणि हळदीचं बोलावणं मला आवर्जून आलं. मी पहिल्यांदाच तिचं घर पाहिलं. अंगणात मांडव, सून पाटावर, पुढे हळदीची वाटी. डीजेवाल्यानं कुणी सांगायच्या आधीच डबा बंद केला. सून घाबरलेली दिसत होती. आता हाक तिची आणि ओ पण तिलाच द्यायची होती. तिनं देव बोलावले, पणजे-आजे बोलावले, एकेकाची ओ आपल्या बारीक आवाजात दिली. मग शेवटचं नाव राहिलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली.

तिनं सासूचं नाव घेतलं. पहिल्यांदा घेतलं तेव्हा आवाज कापला. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा मागे कुणीतरी हुंदका दिला. तिसऱ्यांदा घेतलं आणि ओ द्यायला तिनं तोंड उघडलं, पण तिच्या तोंडून काही येईना.

"आले गो, आले."

माझ्या पाठीमागून आली ती ओ. तोच आवाज, तोच हेल, विहिरीतून यावा तसा. मांडवातल्या बायका एकदम ताठ झाल्या. एकीनं पोर पोटाशी धरलं. मी सावकाश मागे वळले.

मांडवाच्या मेढीला धरून तिचा नवरा उभा होता. लॅबच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसणारा, ज्याचा आवाज मी इतक्या दिवसांत एकदाही ऐकला नव्हता. ओठ नुकते मिटले होते. माझ्याकडे पाहून त्यानं नजर खाली वळवली. नाव घेता येत नाही ते कुणाचं, एवढी साधी गोष्ट मला, लग्न झालेल्या बाईला, तोवर कळली नव्हती.

सुनेनं डोळे पुसले आणि हळदीची वाटी पुढे ओढली. तो मात्र मेढीला धरून तसाच उभा राहिला, मावशीला पुन्हा कुणी हाक मारतंय का ते ऐकत.